रूपक आणि आरोप

'रूपक' हा शब्द मी शाळेत दोन वेळा शिकलो, आणि दोन्ही वेळी निराळ्या अर्थाने शिकलो. बारामतीला मराठीच्या मास्तरांनी तो अलंकार म्हणून शिकवला. 'मुख चंद्रासारखे आहे' म्हटले की उपमा आणि 'मुख हाच चंद्र' म्हटले की रूपक. उपमेतला 'सारखा' गळून पडला की रूपक झाले, एवढे ध्यानात ठेवा म्हणजे मार्क जाणार नाहीत, असे त्यांनी आम्हांला सांगितले होते. पुढे दोन वर्षांनी संस्कृतच्या तासाला तोच शब्द पुन्हा भेटला. तेथे रूपक म्हणजे नाटक. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या पदरी धनंजय नावाचा पंडित होता. त्याने 'दशरूपक' या ग्रंथात या नावाची उपपत्ती दिली आहे. नटावर रामादिकांचा आरोप केला जातो, म्हणून नाटकाला रूपक म्हणायचे. मुखावर चंद्राचा आरोप, तसा नटावर रामाचा आरोप. अलंकार आणि नाटक या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच नावाने ओळखल्या, हे त्या वयात मला मोठे चमत्कारिक वाटले होते. आता वाटते की त्यात चमत्कारिक काही नाही. 'सारखा' गाळण्याचा धंदा दोघांचाही एकच आहे.

'आरोप' या शब्दाचा मात्र आपल्या व्यवहारात दुसराही एक अर्थ आहे. तो कचेरीतला आणि कोर्टातला. आज ज्या प्रसंगाविषयी लिहिणार आहे, त्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. पहिल्या अर्थाने आरोप कोणावर झाला हे सांगायला बराच विस्तार करावा लागेल. दुसऱ्या अर्थाने आरोपी मी आहे, हे येथेच सांगून टाकतो.

* * *

१९६२ सालच्या चैत्रातली गोष्ट. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी, पळसदेवपासून थोड्या अंतरावर, माझ्या आत्याचे सासर होते. गावाचे नाव सांगत नाही. आणि तसेही ते गाव आता त्या जागी नाही. परीक्षा आटोपली की मी बारामतीहून एस. टी.ने तिकडे जात असे. त्या वर्षी गावच्या जत्रेत तमाशाऐवजी नाटक करायचे ठरले. नाटक 'एकच प्याला'. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी गेले, त्यांना त्याचा प्रयोग पाहायला मिळाला नाही. गंधर्व मंडळीतली बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर आमच्या त्या गावात कोणीच पाहिला नव्हता; पण नाटकाची कीर्ती मात्र भीमाकाठपर्यंत पोचली होती. त्या काळी आपल्या राज्यात १९४९च्या कायद्याप्रमाणे दारूबंदी होती. त्यामुळे गावात दुकान नव्हते, आणि नदीकाठच्या बाभळीत हातभट्टी मात्र होती. चार जाणत्या मंडळींना वाटले की या नाटकाने जत्राही साजरी होईल आणि दारूबंदीचा प्रचारही होईल.

सुधाकराचे काम मामांकडे आले. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. माणूस देखणा, आवाज खणखणीत, पाठांतर चोख. मामा पीत असत, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. "पिणाऱ्याचं काम पिणाराच बरा करंल," असे कोणीतरी हसत म्हणाले आणि मामाही हसले. सिंधूचे काम शिंप्याच्या सतरा वर्षांच्या मुलाकडे होते. पोरगा नाजूक होता आणि गळ्यात सूर होता. माझे वाचन स्वच्छ, म्हणून मला हातात पुस्तक देऊन विंगेत उभे केले. वयाच्या चौदाव्या वर्षी मी प्रॉम्प्टर झालो, आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटला होता!

चावडीपुढच्या पटांगणात फळ्या टाकून रंगभूमी उभी केली होती. दोन बाजूंना दोन गॅसच्या बत्त्या, मागे एक रंगवलेला पडदा, पुढे उजवीकडे पुरुष आणि डावीकडे बायका. तालमीत सुधाकराच्या प्याल्यात गुळाचे पाणी असे. प्रयोगाच्या रात्री तिसऱ्या अंकात मामांनी प्याला माझ्या बाजूच्या तिवईवर ठेवला, तेव्हा मला वास आला. तो वास मला ओळखीचा होता. आत्याच्या घरच्या पडवीत तो संध्याकाळी येत असे. बाटली बदलली होती. ओळीवरचे बोट न काढता मी तसाच उभा राहिलो. कोणाला सांगायचे, आणि काय सांगायचे? शिवाय मामांचे काम अतिशय रंगत होते. त्यांची जीभ जड होत होती, नजर फिरत होती, पाय अडखळत होते. आणि जे जे होत होते ते ते नाटकाला हवेच होते.

पाचव्या अंकात सुधाकराच्या हातून पोटचे मूल जाते आणि सिंधूही जखमी होते. आमच्याकडे मूल म्हणजे जुन्या लुगड्याचे गाठोडे होते. तालमीत असे ठरले होते की मामांनी काठी फळीवर आपटायची आणि सिंधूने कोलमडायचे. त्या रात्री पहिला तडाखा फळीवर बसला. दुसरा शिंप्याच्या पोराच्या खांद्यावर बसला. तो जो कण्हला, तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. "वा! पोरानं काय काम केलं!" असे पुरुषांच्या बाजूने कोणीतरी ओरडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांनी काठी तिसऱ्यांदा उचलली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आत्या उभी राहिली. डोईवरचा पदर खाली आला होता. "अहो, पुरे! मरंल ते पोर!" असे ती मोठ्याने म्हणाली.

एक क्षण सगळे गप्प झाले आणि मग पटांगणभर हशा पिकला. "येडी का काय बाई! नाटक हाय ते!" "अगं, चिंध्या हायत्या गाठोड्यात!" लोकांना वाटले, ती लुगड्याच्या गाठोड्यासाठी कळवळली. नाटक खरे मानणाऱ्या भोळ्या बाईची ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षे त्या पंचक्रोशीत हसून सांगत.

मामा मात्र हसले नाहीत. काठी वर धरून ते बायकांच्या बाजूकडे पाहत राहिले. पुढचे वाक्य त्यांना आठवेना. मला आज असे वाटते की त्या घटकेला काहीही होऊ शकले असते. पडदा पाडता आला असता; काठी खाली आली असती; निदान शिंप्याचे पोर उठून आत गेले असते. पण माझे काम मला नेमून दिलेले होते. मी पुढचे वाक्य सांगितले. मामांनी ते उचलले आणि नाटक पुढे चालू झाले.

त्या रात्री मामांना गावातर्फे चांदीचे पदक मिळाले. शिंप्याच्या मुलाला पाच रुपये मिळाले. खांद्याला हळद लावून तो आठ दिवस घरी बसला होता.

* * *

पुढे कॉलेजात रसचर्चा वाचली, तेव्हा मला पुष्कळ समाधान मिळाले. समाधान अशासाठी की आत्याचे चुकले कोठे, हे शास्त्राने नीट समजावून दिले. शंकुकाचा एक दृष्टांत आहे, चित्रातल्या घोड्याचा. भिंतीवर काढलेल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो. तो खरा घोडा आहे असे आपण मानीत नाही, खोटा आहे असेही म्हणत नाही. घोडा की आणखी काही, असा संशय घेत नाही, आणि घोड्यासारखा आहे असेही म्हणत बसत नाही. या चारांहून वेगळी अशी ती प्रतीती आहे. नट आणि राम यांचे नाते असेच आहे. भट्टनायक आणखी पुढे गेला. रंगभूमीवरचे दुःख हे या माणसाचे, त्या माणसाचे असे राहत नाही. ते साधारण होते, म्हणजे कोणा एकाच्या मालकीचे राहत नाही, आणि म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातली विघ्ने मोजली आहेत; प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापलेला असणे हे त्यांतले एक. आपल्याकडे न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो आणि त्याच वेळी आपण आपणच आहोत ही जाणीवही त्याला असते. या दुहेरीपणात वाङ्मयाचा आनंद आहे.

हे सारे विवेचन मला आजही खरे वाटते. पटांगणातल्या पाचशे माणसांना ते अचूक लागू पडते. आपण शोकांतिका पाहताना रडतो आणि घरी येऊन जेवतो, याचा दुसरा कोणता उलगडा आहे? पण शास्त्र जिला विघ्न म्हणते, ती त्या पाचशेतली एक बाई होती. शंकुकाचा चित्रातला घोडा भिंतीवर असतो, आणि ज्याला घोड्याने कधी लाथ मारलेली नाही असा माणूस तो पाहत असतो. भिंतीतून खरोखरच लाथ आली तर? पाचशे सहृदय म्हणत राहतील की काय हुबेहूब चित्र आहे. आणि ज्या एकीला लाथेची ओळख आहे, ती ओरडेल. तिला अरसिक म्हणायचे की काय म्हणायचे?

बालगंधर्वांच्या बाबतीतली एक हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी होऊन उभे राहिले, गायले, हसले. घरचे दुःख आणि रंगभूमीवरचे हसू यांच्यामध्ये एका माणसाने अशी भिंत उभी केली, याचे आपण शंभर वर्षे कौतुक करीत आलो आहोत, आणि ते कौतुक रास्त आहे. पण ज्या समाजाला त्या भिंतीचे एवढे मोल आहे, त्याला ती भिंत उभी करणे जिला शक्य नव्हते तिचे हसू का यावे? गंधर्वांना भिंत उभी करता आली, कारण त्यांचे दुःख भिंतीच्या अलीकडे होते. आत्याचे दुःखच भिंतीच्या पलीकडे, गॅसच्या उजेडात, काठी घेऊन उभे होते.

* * *

शोकांतिकांचा विचार करताना मला एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवली. ज्याच्या हातून 'सारखा' हा शब्द कायमचा हरवतो, तो शोकांतिकेचा नायक होतो. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले ते १८९० साली. त्या कथेत एका रुमालाने घात केला, असे आपण म्हणतो. रुमाल हे प्रेमाचे चिन्ह होते. नायकाने ते चिन्ह म्हणून ठेवले नाही, रुमाल म्हणजेच पातिव्रत्य असे धरले. रुमाल गेला म्हणजे सारे गेले. लिअर राजाने मुलींच्या शब्दांना प्रेमच मानले. शिरवाडकरांचा 'नटसम्राट' १९७०च्या डिसेंबरात रंगभूमीवर आला. त्यातले गणपतराव बेलवलकर तर आयुष्यभर राजे होऊन वावरलेले. म्हातारपणी सगळे मुलांना देऊन टाकताना त्यांनी जे केले, ते घरातल्या म्हाताऱ्याने करावे असे नव्हते. ते राजाने करावे तसे होते. भूमिका अंगरख्यासारखी उतरवता येते, असे आपण समजतो. त्यांच्या बाबतीत ती कातडीला चिकटली, आणि अखेर कोणते बोलणे त्यांचे आणि कोणते भूमिकांचे, हे त्यांनाही सांगता येईनासे झाले.

आणि सिंधू? पतिदेव हा सामासिक शब्द आहे आणि तो रूपक आहे. पती हाच देव. केव्हातरी, कोणीतरी, पती देवासारखा मानावा असे म्हणाला असेल. पुढे त्यातला 'सारखा' गळला. सिंधूने तो शब्द अलंकार म्हणून वाचलाच नाही. तिने त्याचा वाच्यार्थ घेतला. मरता मरता देखील ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही, खोटे बोलून त्याला वाचवते. गडकऱ्यांना दारूचा धिक्कार करायचा होता, यात शंका नाही. सुधाकर विष घेऊन मरतो, म्हणजे त्यांनी त्याला सोडलेले नाही. पण नाटक लेखकाच्या हातात राहत नाही. आमच्या गावाने त्यातून दारूचा धिक्कार घेतला नाही, सिंधूचा आदर्श घेतला. जत्रा संपून हातभट्टी पुन्हा सुरू झाली, आणि आत्याचे नाव मात्र बदलले.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. पहिले काही महिने लोक तिला हसले. मग केव्हातरी तो हशा कौतुकात मुरला. "बाई मोठी सोशिक. अगदी सिंधू हो!" असे लोक म्हणू लागले. त्यात 'अगदी' होते, तेही काही दिवसांनी गेले. "सिंधू आली, सिंधू गेली." आमच्या आजोबांच्या कानी मामांचे सारे पोचले होते. मुलीला माहेरी आणावे, असे आजीने एकदा काढले, तेव्हा आजोबा म्हणाले, "सगळा तालुका तिला सिंधू म्हणतो. तिनंच आता नवरा सोडला तर लोक काय म्हणतील?" रूपक माणसाला नटवते असे आपण म्हणतो. येथे रूपकाने एका बाईला घराच्या खांबाला बांधून ठेवले. मुखाला चंद्र म्हटल्याने मुखाचे काही जात नाही. पण बाईला सिंधू म्हटले की तिने पाचव्या अंकापर्यंत सोसलेच पाहिजे, असा हुकूमच होतो.

रूपक नेहमी बांधूनच ठेवते असे मात्र नाही. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली आले. आमच्या बारामतीला अठराव्या शतकात मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगत आणि आर्येत महाभारत रचीत. त्यांच्या श्रोत्यांचा कीचक हा कीचकच होता. दीडशे वर्षांनी खाडिलकरांच्या प्रेक्षकांना तोच कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हा देश, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हे कोणी सांगावे लागले नाही. सरकारलाही सांगावे लागले नाही. १९१० साली त्याने नाटकावर बंदी घातली. तेथे 'सारखा' गळल्यामुळे माणसे उभी राहिली. मग एक रूपक उभे करते आणि दुसरे बांधून ठेवते, याचे कारण काय? मला वाटते, ते कोण कोणावर लादतो यात ते आहे. 'कीचकवधा'चा अर्थ प्रेक्षकाने स्वतः लावला आणि स्वतःवर घेतला. आत्यावर सिंधूचा आरोप दुसऱ्यांनी केला. तिला कोणी विचारले नाही.

* * *

१९६९च्या सुमारास गावात उजनीच्या धरणाची चर्चा सुरू झाली आणि मामा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. धरण सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पण त्याचा फुगवटा मागे इंदापूर तालुक्यात पसरणार होता. मोजणी झाली, घरे, विहिरी, झाडे मांडली गेली, नुकसानभरपाईचे कागद आले. १९८० साली धरण पुरे झाले, तोपर्यंत पळसदेवचे जुने देऊळ, भोवतालची गावे, चावडीपुढचे ते पटांगण, सारे पाण्याखाली गेले होते. आत्या नव्या वसाहतीत दोन खणांच्या घरात राहायला आली.

तेथे एकदा दुपारी मी तिला त्या रात्रीविषयी विचारले. विचारायला मला वीस वर्षे लागली. ती शेंगा फोडीत होती.

"आत्या, तू तेव्हा कोणासाठी ओरडलीस? त्या गाठोड्यासाठी, की शिंप्याच्या पोरासाठी?"

"गाठोडं कळत नव्हतं का मला? माझंच जुनं लुगडं होतं ते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या मामांची काठी उचलायची तऱ्हा मला ठाऊक होती. खोटं मारायचं असलं की मनगट सैल असतं. त्या दिवशी मनगट ताठ होतं. एवढ्या लोकांत कुणाला दिसलं नाही."

"घरी कधी 'पुरे' म्हणाली होतीस?"

"नाही रे. घरी कोण ऐकणार? तिथं पाचशे माणसं होती." ती हसली. "ती पण हसलीच म्हणा. पण तुझे मामा त्या रात्री घरी आले ते गुमान भिंतीकडं तोंड करून निजले. आठ-पंधरा दिवस चांगले गेले."

मी म्हणालो, लोक तुला सिंधू म्हणत, तुला काय वाटे?

तिने शेंगांचे सूप खाली ठेवले. "सिंधू मरते रे बाळा पाचव्या अंकात. मला सकाळी उठून भाकरी करायची होती."

पूर्वी ती बोलता बोलता 'माझा संसार बुडाला' असे म्हणत असे. बायका म्हणतात तसेच. नव्या घरी आल्यापासून तिने तो शब्द टाकला होता, हे माझ्या लक्षात आले, म्हणून तेही विचारले. ती म्हणाली, "पाणी आलं तेव्हा खरं बुडणं पाहिलं. पाण्याची निदान नोटीस आली होती."

मला जे सांगायचे होते, ते मी त्या दुपारीही सांगितले नाही. प्याल्यातला वास मला आला होता आणि पुढचे वाक्य मी सांगितले होते, हे तिला ठाऊक नव्हते. आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट' मराठीत आणले, ते 'विकारविलसित'. हॅम्लेटला आपला देश तुरुंगासारखा वाटतो; आगरकरांच्या भोवतीच्या भिंती खऱ्या दगडाच्या होत्या. त्या नाटकात एक नट हेक्युबा राणीचे दुःख सांगताना खराखुरा रडतो, आणि ते पाहून हॅम्लेटला स्वतःची लाज वाटते: याला काही कारण नसताना हा रडतो, आणि मला एवढे कारण असून मी काही करीत नाही. हा प्रवेश मी वर्गात पुष्कळ वेळा शिकवला. शिकवताना दर वेळी मला आठवे, की त्या रात्री विंगेत मीही रडलो होतो. सिंधूसाठी रडलो होतो. माझी आत्या पंचवीस पावलांवर उभी होती.

* * *

मग शोकांतिका वाईट, असे म्हणायचे का? तसे मला म्हणवत नाही. त्या नाटकाने आत्याला हसे आणले, तिच्या नावावर एक जड नाव लादले. पण जन्मात एकदा तिच्या तोंडून जो 'पुरे' निघाला, तोही त्या नाटकामुळेच निघाला. घरच्या अंधारात जे दिसत असून म्हणता येत नव्हते, ते गॅसच्या उजेडात, दुसऱ्याच्या नावाने, समोर उभे राहिले. तेव्हा ती बोलू शकली. अभिनवगुप्ताला ते विघ्न वाटेल. मला वाटते, त्या रात्रीच्या साऱ्या प्रयोगात नाटकाचा अर्थ जर कोणाला पुरता पोचला असेल, तर तो तिला.

कल्पित आणि वास्तव यांची सरमिसळ झाली, असे आपण म्हणतो, तेव्हा एक भोळा माणूस कल्पिताला वास्तव समजून बसला आहे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. उलट चूक आपल्याला चूकच वाटत नाही. वास्तव डोळ्यांदेखत घडत असावे आणि आपण त्याला कल्पित समजून टाळ्या वाजवाव्यात, ही ती चूक. पहिली चूक करणारा हास्यास्पद ठरतो. दुसरी करणारे सहृदय ठरतात, पदके देतात, आणि त्यांतलाच एखादा पुढे मास्तर होऊन रससिद्धांत शिकवतो.

नाटक संपल्यावर नट तोंडाचा रंग पुसतो. मला वाटते, 'सारखा' हा गळलेला शब्द तो त्या वेळी आपल्याला परत देत असतो. तो घेऊन घरी जायचे आणि घरातल्या माणसांकडे त्यांच्या नावाने पाहायचे, एवढे प्रेक्षकाचे काम उरते. आम्ही तो परत घेतला नाही. आम्ही मामांना सुधाकर म्हणून पदक दिले आणि आत्याला सिंधू म्हणून घरी पाठवले.

आत्याला जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, आणि लांबून लांबून लोक ते पाहायला येतात. दोन-चार वेळा मीही बारामतीहून गेलो आहे. देवळापासून गावाच्या अंगाला चालत गेले की भेगाळलेल्या गाळात घरांची जोती दिसतात. चावडीची जागा मी अदमासाने ओळखतो. पटांगणाची अशी काही खूण उरलेली नाही. मी बायकांची बाजू होती तिकडे थोडा वेळ उभा राहतो, आणि तेथून विंगेची जागा किती जवळ होती, ते पाहतो.